तीन तारखांची तिकिटं

गल्लीत तिला सगळे वेळबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने बस डेपोत वेळापत्रकं आखली होती. टेबलभर पसरलेला चौकटींचा कागद, त्यावर तासांच्या उभ्या रेघा, थांब्यांच्या आडव्या आणि प्रत्येक बसची एक तिरकी रेघ. कोणती बस कुठे अडणार, कुठे दुसरीच्या पाठीला लागून धावणार, हे ती कागदाकडे बघून सांगायची. ड्रायव्हर तिच्या टेबलाशी येऊन गयावया करत. एकाचा गुडघा दुखायचा, एकाला साखरेमुळे दर तासा-दीड तासाने उतरावं लागायचं. "बाई, शेवटच्या थांब्यावर सात मिनिटं द्या ना." ती द्यायची. साहेबाला पत्ता लागू न देता द्यायची.

डेपोचा दिवस बाहेरच्या जगासारखा नव्हता. तो पहाटे चारला उघडायचा आणि रात्री दोनला मिटायचा. सोमवारी संध्याकाळी कामावर आलेला ड्रायव्हर मध्यरात्रीनंतर बारा चाळीसची बस घेऊन निघाला, तरी ती बस सोमवारचीच. मंगळवार तेव्हा अजून गाढ झोपलेला असायचा. कागदावर ती 'चोवीस चाळीस' असं लिहायची आणि रेघ पुढे ओढायची.

नवराही त्याच डेपोतला ड्रायव्हर, आणि रोज चार मिनिटं उशिरा. "त्याला वठणीवर आणायला म्हणून लग्न केलं," ती सांगायची. "अजून आणतेच आहे ती," तो म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर तिने नवे कागद आखले नाहीत, पण गल्लीतल्यांना स्वस्त विमानाची तिकिटं काढून द्यायचा उद्योग आपोआप मागे लागला. स्वतः ती कधी विमानात बसली नव्हती. पण कोपऱ्यावरची शिंपीणबाई मुलीकडे जायची म्हणाली, की वेळबाई चष्मा लावून फोन घेऊन बसायची.

"स्वस्तातलं बघा हं, वेळबाई."

"स्वस्तातलंच बघते. पण ऐकून ठेव. सामान सात किलो. खांद्याची पर्सही त्यातच. वर पाव किलो झालं तर तिकिटाएवढे पैसे घेतील."

"अन् पाणी?"

"विकत. खिडकी हवी तर विकत. नवऱ्याशेजारी बसायचं तर तेही विकत."

"मग लांब बसवा त्यांना," शिंपीणबाई म्हणाली. "तेवढीच बचत."

या स्वस्त विमानांचं गणित वेळबाईला पटलेलं होतं, कारण ते बसचंच होतं. एकच विमान दिवसभर सहा फेऱ्या मारतं. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला की तो प्रत्येक फेरीला वाढत जातो आणि शेवटी रात्रीच्या विमानाच्या डोक्यावर बसतो. मोठ्या कंपनीचं विमान रद्द झालं तर दोन तासांनी दुसरं असतं. स्वस्तवाल्यांचं दिवसाला एकच, ते गेलं की गेलं. तिकीट बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत. "फसवत नाहीत ते," ती म्हणायची. "सगळं लिहिलेलं असतं. फक्त बारीक अक्षरात. ज्याला घाई नाही त्याने खुशाल जावं. ज्याला वेळेवर पोचायचंय त्याने आधी हिशेब करावा."

तो हिशेब तिच्यावर आला तो मुलामुळे.

मुलगा मालवाहू जहाजावर होता. निघाला तेव्हा सुनेला तिसरा महिना. करार नऊ महिन्यांचा होता, तो दोनदा वाढला. चौदा महिने झाले होते, अजून पाच बाकी होते. मुलगी आठ महिन्यांची झाली. घरात तिला चिमी म्हणत. चिमीच्या लेखी बाप म्हणजे हाताच्या पंजात मावणारा, तुटक बोलणारा, मधेच गोठून जाणारा माणूस. फोन वाजला की ती त्याला चाटायची.

एका दुपारी त्याचा फोन आला, की पुढच्या महिन्यात जहाज आपल्याच किनाऱ्याला लागतंय. इथून हजार मैलांवरचं बंदर, पण देश तर आपला. माल उतरेपर्यंत एक दिवस थांबणार, त्यातले पाच-सहा तास त्याला बाहेर सोडतील. तारीख साधारण पंधरा.

"साधारण म्हणजे?" वेळबाईने विचारलं.

"आई, समुद्र आहे. एखादा दिवस अलीकडे, एखादा पलीकडे."

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. मोठ्या कंपनीचं तिकीट, तारीख हवी तेव्हा बदलता येणारं, इतकं महाग होतं, की घरात बाजूला ठेवलेल्या पैशांत एकच आलं असतं. स्वस्त कंपनीचं त्याच्या पावपट. पण ते बदलता येत नव्हतं, आणि जहाजाचा नेम नव्हता.

"मग मी काय करते," वेळबाई म्हणाली, "तीन काढते. तुझ्या नावाची, तीन लागोपाठच्या रात्रींची. तेरा, चौदा, पंधरा. चिमी मांडीवर, तिचे थोडेसे पैसे. विमान रात्री बारा चाळीसला सुटतं आणि पहाटे पोचतं. जहाज चौदाच्या सकाळी येवो, पंधराच्या, नाहीतर सोळाच्या, तू तिथे हजर. दोन तिकिटं फुकट जातील, जाऊ देत. तरी मोठ्या विमानापेक्षा स्वस्त पडतं."

"तीन तिकिटं काढून दोन फेकायची," सासरे म्हणाले. "आणि मला म्हणते पैसे उधळतो."

 सून म्हणाली, "आई, दोनच तारखांची काढू. तिसऱ्याच्या पैशांत तुम्ही चला."

"आणि नेमकं तिसऱ्या दिवशी जहाज आलं तर?"

"तर नशीब."

"डेपोत नशीब नावाची गाडी नव्हती, बाई."

"तुम्हालाही भेटायचंय ना त्याला?"

 वेळबाईला भेटायचं होतं. रात्री फोनवरच्या नकाशात जहाजाचा तो एवढासा त्रिकोण निळ्या रंगात कुठे सरकला हे बघितल्याशिवाय ती झोपायची नाही. पण पोरीचं आणि बापाचं तोंड एकमेकांना दिसणं ही एक गोष्ट, आणि आईला मुलगा दिसणं ही दुसरी. दोन्ही एका पैशांत बसत नव्हत्या. तिने तिन्ही तिकिटं सुनेच्या नावाने काढली. परतीचं एकच, सोळाच्या संध्याकाळचं. सगळं छापून आणून फ्रिजच्या दारावर लावलं.

पुढचे वीस दिवस ते विमान रोज किती उशिरा पोचतं हे तिने लिहून ठेवलं. सरासरी पन्नास मिनिटं. "चालेल," ती म्हणाली.

बाराच्या सकाळी मुलाचा निरोप आला. बंदरात जागा रिकामी नाही, जहाज एक दिवस बाहेर उभं राहणार. सोळाच्या सकाळी लागेल. वेळबाईने फ्रिजवरची पहिली दोन तिकिटं काढली आणि टराटरा फाडली. तिच्या तोंडावर त्या वेळी जे काही होतं, त्याला सासऱ्यांनी "गर्व" म्हटलं आणि सुनेने हसून दुजोरा दिला. दोनच तारखांची काढली असती, तर आज रडायची पाळी होती.

चौदाच्या दुपारी तीन वाजता वेळबाई स्वयंपाकघरात पिशवी भरत होती. रद्दीवाल्याकडून आणलेला टांगायचा काटा तिने खिडकीच्या गजाला अडकवला होता. सहा किलो आठशे. चिमीचा दुपट्यांचा गठ्ठा, दुधाची बाटली, मुलाने मुद्दाम मागितलेली घरची जुनी मऊ चादर. एवढ्यात दारात सून उभी. दुकानातून इतक्या लवकर ती कधी येत नसे.

"आई, कंपनीचा मेसेज आलाय. दहा तासांनी विमान आहे म्हणतात."

"चौतीस तासांनी. उद्या रात्री."

"दहा लिहिलंय."

"चुकलं असेल. स्वस्त कंपनी, मेसेजही स्वस्तातला."

सुनेने फ्रिजवरचं तिसरं तिकीट काढून टेबलावर ठेवलं आणि बोट टेकवलं. "पंधरा तारीख, शून्य शून्य चाळीस. आई, पंधरा तारीख आज रात्री बारा वाजताच लागते. चाळीस मिनिटांनी हे सुटणार."

वेळबाईने वाचलं. पुन्हा वाचलं.

"पंधराची रात्रीची गाडी..." ती म्हणाली आणि थांबली.

पंधराची रात्रीची गाडी म्हणजे पंधराची संध्याकाळ उलटल्यावरची, यात तिला एकतीस वर्षांत कधी शंका आली नव्हती. आणि घरात कुणालाच आली नव्हती. तिकिटं महिनाभर फ्रिजवर होती. दूध काढताना, पाणी काढताना तिघांच्याही नजरेखालून रोज जात होती. पण वेळबाईने काढलेलं तिकीट तपासायचं कुणी?

"मेसेज आला नसता तर?" सुनेचा आवाज चढला. "उद्या रात्री मी पोरीला घेऊन विमानतळावर जाऊन उभी राहिले असते. आणि ते म्हणाले असते, बाई, तुमचं विमान काल गेलं!"

सासरे खुर्चीतून उठले आणि तिकीट डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले. 

वेळबाईने फोन घेतला. तिची बोटं नेहमीसारखीच चालत होती. उद्या रात्रीचं, म्हणजे जगाच्या हिशेबाने सोळाचं विमान. तिने उघडलं. भरलेलं. मोठ्या कंपनीचं सोळाच्या सकाळचं दुपारी पोचत होतं, आणि त्याचे पैसे आता पहिल्यापेक्षाही वाढले होते. आज रात्रीच्या विमानात मात्र अजून चार जागा शिल्लक दिसत होत्या.

"तू आजच निघ," ती म्हणाली. "पहाटे सव्वातीनला पोचशील. जहाज परवा सकाळी सहाला. मधे सत्तावीस तास. बंदराजवळ एक खोली बघून देते."

"एकटी? अनोळखी गावात, चिमीला घेऊन? मी अंघोळीला गेले तर ही कुणाकडे?"

"मी येऊ का?" सासरे म्हणाले.

"तुमचा कान दुखतो विमानात."

"मी कधी विमानात बसलोय?"

"बसला असता तर दुखला असता."

सून त्या दोघांकडे बघत राहिली. तिचा राग गेला नव्हता, पण त्याला आता उभं राहायला जागा उरली नव्हती. "आई, तुम्ही चला," ती म्हणाली. "चार जागा आहेत ना? एक घ्या."

"तिचे आत्ताचे पैसे बघितलेस? शेवटच्या दिवशीचा भाव आहे. ती दोन फाडलेली, ही एक, वर खोलीचं भाडं. मोठ्या विमानाचं तिकीट याहून स्वस्त पडलं असतं. महिनाभर मी शहाणपण केलं ते कशासाठी? आणि चूक माझी, बक्षीसही मलाच?"

"बक्षीस कसलं? सत्तावीस तास ही कार्टी कडेवर घेऊन फिरायचंय. दात येताहेत तिला. शिक्षाच आहे."

 वेळबाईने चष्मा पुसून स्वतःचं नाव टाइप केलं. आयुष्यात पहिल्यांदा. जाताना बारा चाळीस, येताना सोळाच्या संध्याकाळचं, सुनेच्याच विमानाचं.

विमान पंचावन्न मिनिटं उशिरा सुटलं. खुर्ची मागे जात नव्हती, समोरच्या माणसाचं टक्कल जवळजवळ हातात येत होतं. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा वेळबाईने सुनेचं मनगट घट्ट धरलं, आणि विमान सरळ झाल्यावर हळूच सोडलं. सुनेने मनगट चोळलं. चिमी वर जाताना रडली, खाली येताना रडली, आणि मधे जे झोपायला हवं होतं त्या वेळात तिने शेजारच्या प्रवाशाचा चष्मा ओढला. सुनेने तो परत देता देता काड्या सरळ करून दिल्या.

बंदराजवळची खोली एका खाटेची होती. खिडकीतून क्रेनच्या माना दिसत. तो सबंध दिवस दोघींनी पोरीला आळीपाळीने कडेवर घेऊन, गल्लीतून धक्क्याच्या भिंतीपर्यंत आणि परत, असा काढला. दोघींनी इतका वेळ एकत्र घालवायची वेळ कधी आली नव्हती. घरी एक ओट्याशी असे तेव्हा दुसरी बाहेरच्या खोलीत. दुपारी सून भिंतीवर बसून म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय. पंधरा महिने होत आले. काय बोलायचं असतं?"

"मला काय विचारतेस? माझा नवरा चार मिनिटांच्या वर कधी उशिरा आला नाही."

सून हसली. आणि मग थोडी रडली. वेळबाईने चिमीला तिच्याकडून घेतलं आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे सुनेला पाहिजे तेवढं रडता येईल.

सोळाच्या सकाळी सहाला जहाज आलं नाही. नऊला आलं. आल्यावरही कागदपत्रं, तपासणी, पहिल्या पाळीचं काम. मुलगा फाटकातून बाहेर पडला तेव्हा दीड वाजला होता. काळवंडलेला, खांद्यात रुंद झालेला, दाढी घाईत केलेली. गळ्यात ओळखपत्र. जहाज रात्री दहाला सुटणार होतं, त्याला साडेसातला परत हजर व्हायचं होतं. या दोघींचं विमान संध्याकाळी सहा वीसचं. पण स्वस्त कंपनीचा विमानतळ शहरापासून लांब, त्यामुळे साडेतीनला निघणं भाग होतं. म्हणजे दोन तास.

तो आधी आईच्या पाया पडू की बायकोला जवळ घेऊ, या घोटाळ्यात मधेच उभा राहिला. आईने त्याला खांद्याला धरून सुनेकडे वळवलं.

फाटकासमोरच्या खाणावळीत ते बसले. त्याने चिमीपुढे हात केले. चिमीने त्याच्याकडे बघितलं, ओठ काढला आणि जो सूर लावला तो शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यांनी वळून बघावा असा.

"माझाच आवाज आहे ना?" तो म्हणाला. "फोनवर तर हसते."

"फोनवर तू चाटता येतोस," वेळबाई म्हणाली. "घाई करू नकोस."

त्याने घाई केली नाही. तो चमच्याने टेबलावर वाजवत राहिला. पाण्याच्या पेल्यातून तिच्याकडे बघत राहिला. ओळखपत्राची दोरी तिच्यासमोर हलवली, तिने ती ओढली, सोडली, आईच्या कुशीत तोंड लपवलं, पुन्हा एका डोळ्याने बघितलं. जेवण थंड झालं. मधेच तो बायकोशी बोलायचा, मधेच आईशी, पण नजर पोरीवर. अडीच वाजले. तीन वाजले. तीन दहाला चिमी आपणहून पुढे झुकली आणि दोन्ही हातांनी त्याचं नाक धरलं. त्याने श्वास रोखला. सुनेने तिला अलगद सोडलं. ती त्याच्या छातीवर आली, कॉलर तोंडात घेतली, थोडी कुरकुरली, आणि त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली.

सुनेने घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. मग सासूच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, साडेतीन होत आले. रिक्षा बघायला हवी."

"बस खाली."

"विमान जाईल."

"जाऊ दे. उद्या सकाळी रेल्वे आहे, बावीस तासांची. मी काल बघून ठेवलीय. बसायला जागा मिळेल न मिळेल."

"दोघींची तिकिटं फुकट जातील."

"जातील की." वेळबाईने थंड झालेलं ताट आपल्याकडे ओढलं. "त्याला आता साडेसातपर्यंत हलू नकोस म्हणावं. आणि तू तिकडे बस, त्याच्या शेजारी. इथे माझ्याजवळ काय बसलीयस?"

मुलगा एका हाताने पोरीची पाठ धरून, मान न वळवता, बसल्या जागी थोडा सरकला. बाकड्यावर एका माणसापुरती जागा झाली.